रोडाचा स्तंभ आणि तान चाऊची मोजपट्टी

प्रश्न असा आहे की इजिप्तमधील नाईलचा आणि व्हिएतनाममधील मेकाँगचा असे दोन्ही त्रिभुज प्रदेश गाळाचे, सपाट, दाट वस्तीचे आणि भात पिकवणारे असताना तिथली गावे, सण, बाजार व शेतीचे अर्थकारण एकमेकांपासून इतके वेगळे का आहे. याच प्रश्नाचा दुसरा भाग असा की मेकाँगच्या वरच्या अंगाला धरणे होत असल्यामुळे तिची गत उद्या नाईलसारखी होईल का.

पाणीवाटप आणि निचरा या विषयांत काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली असून हे दोन्ही प्रदेश मला त्याच निमित्ताने माहीत झाले, त्यामुळे उत्तर पाण्याच्या बाजूने देतो. फरकाचे कारण मातीत शोधल्यास हाती फारसे लागत नाही. पाणी शेतापर्यंत किती वाटांनी येते आणि ते सोडण्याचा किंवा अडवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे पाहिले की गावांच्या रचनेपासून भाकरीच्या किमतीपर्यंत पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. दुसऱ्या भागाचे उत्तर अर्धे होकारार्थी आहे, परंतु ज्या अर्ध्याची सर्वसाधारणपणे भीती घातली जाते ते हे अर्धे नव्हे.

नाईल इजिप्तमध्ये शिरते ती आपले सगळे पाणी बरोबर घेऊनच. सुदानमध्ये अतबारा मिळाल्यानंतर समुद्रापर्यंतच्या अडीच हजारांहून अधिक किलोमीटरच्या प्रवासात तिला एकही उपनदी येऊन मिळत नाही. अस्वानला पोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे 85 टक्के पाणी इथिओपियाच्या पठारावर पडलेल्या पावसाचे असते, आणि कैरोत वर्षभराचा पाऊस जेमतेम 25 मिलिमीटर होतो. कैरोच्या थोडे उत्तरेला नदी रशीद आणि दमिएत्ता अशा दोन फाट्यांत विभागते. प्राचीन लेखकांनी सात मुखे नोंदवली आहेत, त्यांपैकी बाकीची गाळाने भरून गेली. समोरच्या भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी आहे, पण इतकी किरकोळ की शेतकऱ्याने तिची दखल घ्यावी असे काही नाही. याचा अर्थ असा की या सगळ्या मुलखाला पाणी एकाच दिशेने, एकाच दारातून येते.

त्या दारावर नजर ठेवण्यासाठी कैरोच्या रोडा बेटावर इसवी सन 861 मध्ये अब्बासी खलिफा अल्-मुतवक्किलच्या काळात उभारलेला मोजणीचा स्तंभ आजही पाहता येतो. चौकोनी विहिरीच्या मध्यभागी संगमरवरी खांब, त्यावर ‘हात’ या लांबीच्या मापाच्या खुणा, आणि नदीचे पाणी आत आणणारी भुयारे अशी ती रचना आहे. त्याच्याही कितीतरी आधी रोमन लेखक प्लिनीने नोंदवून ठेवले होते की पूर 12 हात चढला तर दुष्काळ, 13 हात म्हणजे उपासमार, 14 हातांना आनंद, 15 ला निश्चिंती आणि 16 ला उल्हास. या आकड्यावरून शेतसारा ठरत असे. पीक उभे राहण्याच्या आधी, निव्वळ पाण्याची उंची पाहून राज्याला वर्षाचा वसूल कळत होता, ही गोष्ट मला पिरॅमिडांपेक्षा अधिक थक्क करणारी वाटते. ज्या देशात सगळ्यांचे पाणी एका खांबावर मोजता येते, त्या देशात सत्ता मध्यवर्ती होणे आणि तशीच टिकून राहणे फारसे अवघड नसते.

मेकाँगच्या मुखाशी असा एक खांब रोवून काहीच भागले नसते. तिबेटच्या पठारावर उगम पावून चीन, म्यानमार, लाओस, थायलंड आणि कंबोडियातून ती व्हिएतनाममध्ये येते. त्याआधी फ्नोम पेन्हजवळ तिचे तिएन आणि हाउ असे दोन मोठे प्रवाह होतात आणि पुढे ते अनेक मुखांनी समुद्राला मिळतात. व्हिएतनामी लोक तिला ‘कुउ लाँग’ म्हणजे नऊ ड्रॅगन म्हणतात. फ्नोम पेन्हपाशीच तोन्ले साप नावाची एक नदी तिला मिळते, आणि तिचे वागणे जगावेगळे आहे. कोरड्या ऋतूत ती आपल्या सरोवराचे पाणी मेकाँगमध्ये आणून टाकते, परंतु पावसाळ्यात मेकाँग फुगली की प्रवाह उलटा फिरतो आणि पाणी सरोवरात शिरते. सुमारे अडीच-तीन हजार चौरस किलोमीटरचे ते सरोवर पुराच्या शिखरावर 15 हजार चौरस किलोमीटरपर्यंत पसरू शकते. पूर ओसरला की हेच पाणी महिनोन्महिने खाली झिरपत राहते आणि त्रिभुज प्रदेशाला कोरड्या ऋतूत गोडे पाणी पुरवते. नाईलसाठी माणसाने जे जलाशयाचे काम विसाव्या शतकात केले, ते मेकाँगसाठी निसर्ग फुकट करत होता.

याच्या जोडीला समुद्र आहे, आणि तोही एक नव्हे. पूर्वेच्या समुद्राकडून दिवसातून दोनदा तीन मीटरांहून अधिक फरकाची भरती येते, तर पश्चिमेला थायलंडच्या आखाताची भरती बहुधा दिवसातून एकदाच आणि बरीच कमी उंचीची असते. सुमारे 40 हजार चौरस किलोमीटरचा हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सरासरी एक मीटरसुद्धा उंच नाही; कोरड्या ऋतूत भरतीचा परिणाम फ्नोम पेन्हपर्यंत जाणवतो. शेतकरी भरतीला दार उघडतो, पाणी आपसूक शेतात येते. ओहोटीला उघडतो, निचरा होतो. दोन बाजूंच्या भरत्या एखाद्या कालव्यात जिथे समोरासमोर येतात त्या जागेला ‘याप नुओक’ म्हणतात. प्रवाह तिथे मंदावतो, गाळ साचतो, आणि पूर्वीच्या वल्ह्यांच्या नावांना पुढच्या ओहोटीची वाट पाहत थांबावे लागे. थांबलेल्या माणसांना जेवण लागते, पाणी लागते, गप्पा लागतात; अशा कितीतरी जागांवर पुढे बाजार आणि वस्त्या उभ्या राहिल्या.

आता गावांकडे पाहू. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील जुने गाव उंचवट्यावर गच्च बसलेले असते, कारण पूर्वी पुराच्या महिन्यांत चारी बाजूंची शेते पाण्याखाली जात आणि गाव बेटासारखे वर राही. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या विटांची घरे पडून त्यांवरच नवी घरे बांधली गेल्याने हे उंचवटे आणखी चढत गेले. मेकाँगच्या मुखाशी मात्र गाव म्हणजे कालव्याच्या काठाने गेलेली एक लांबलचक रेघ. घराचे तोंड पाण्याकडे, मागे फळबाग, त्यामागे भातशेत. शेजाऱ्याकडे जायचे तर एका वाशाचा डगमगणारा पूल, ज्याला तिकडे ‘माकडपूल’ म्हणतात. गावाला मध्य नसतो, त्यामुळे गावकीचा धाकही उत्तर व्हिएतनामच्या तुलनेत सैल असतो, असे तिथल्याच लोकांचे म्हणणे आहे आणि माझाही अनुभव त्याहून वेगळा नाही. कान थोजवळच्या काय रांगच्या तरंगत्या बाजारात विक्रेता उंच काठीला आपला माल टांगतो: अननस टांगलेला असेल तर नावेत अननस. रस्ते आणि पूल झाल्यापासून हा बाजार वेगाने रोडावत चालला असून आज त्यात पर्यटकांच्या नावा बऱ्याच दिसतात.

सणांमध्येही हेच अंतर दिसते. प्राचीन इजिप्तच्या पंचांगात वर्षाचे तीन ऋतू होते: पूर, पेरणी-वाढ आणि कापणी. तो पूर थांबून साठ वर्षे झाली, तरी वसंतातल्या ‘शम्म अन्-नसीम’ला मुसलमान आणि ख्रिस्ती दोघेही कुटुंबासह हिरवळीवर जाऊन खारवलेली ‘फसीख’ मासळी आणि कांद्याची पात खातात. तांता गावी सूफी संत सय्यद अहमद अल्-बदावी यांचा उरूस ऑक्टोबरमध्ये, कापसाचा हंगाम संपताना भरतो; पीक विकून हातात पैसा आलेला असण्याचा तो काळ. ही सारी हजारो वर्षे एकाच जागी राहिलेल्या समाजाची रीत आहे. मेकाँगचा त्रिभुज प्रदेश मात्र व्हिएतनामी लोकांसाठी सतराव्या शतकापासून वसत गेलेला सीमावर्ती मुलूख आहे. आधीपासून तिथे असलेले ख्मेर, नंतर आलेले चाम मुसलमान, चिनी व्यापारी आणि व्हिएतनामी शेतकरी असे चौघे तिथे शेजारी झाले. सॉक ट्रांगला ख्मेर लोकांच्या लांब होड्यांच्या शर्यती होतात, आणि चाऊ डॉकजवळच्या साम डोंगरावरील ‘बा चुआ सू’ या मुलूखदेवीच्या यात्रेला चारी समाजांची माणसे येतात. 1939 मध्ये आन यांग भागात उदयाला आलेला होआ हाओ हा बौद्ध पंथ बडेजाव टाळतो, घरातल्या साध्या पूजेवर भर देतो. नव्याने जंगल तोडून बसलेल्या, मठ-मंदिरापासून दूर राहणाऱ्या कुटुंबांना तो जवळचा वाटला यात नवल नाही.

पुराला तिथे आपत्तीचा शब्द वापरत नाहीत. त्या महिन्यांना ‘मुआ नुओक नोई’ म्हणतात, म्हणजे पाणी वर येण्याचा ऋतू. त्या पाण्याबरोबर ‘का लिन’ ही बोटभर मासळी येते, काठावर ‘दिएन दिएन’ची पिवळी फुले फुलतात, आणि दोन्हींचे आंबट कालवण होते.

इथे एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. इजिप्तचा तेव्हाचा शासक मोहम्मद अली याने 1817 ते 1820 या काळात नाईलपासून अलेक्झांड्रियापर्यंत सुमारे 75 किलोमीटरचा महमूदिया कालवा खोदवून घेतला. जवळपास त्याच वर्षांत, 1819 ते 1824 दरम्यान, व्हिएतनामच्या न्गुयेन राजांचा अधिकारी थोआय न्गोक हाउ याने चाऊ डॉकपासून पश्चिम किनाऱ्यावरील ‘हा तिएन’ या गावाच्या दिशेने 90 किलोमीटरांच्या आसपासचा विन ते कालवा खोदवला. दोन्ही वेठबिगारीने झाले आणि दोन्हींच्या काठी हजारो मजूर मेले. पण हेतू निराळे होते. महमूदिया कालव्याने बंदराला गोडे पाणी आणि निर्यातीचा मार्ग मिळाला. विन ते कालव्याने कंबोडियालगतची सीमा आखली, होड्यांना वाट दिली आणि आम्लधर्मी दलदलीतून पुराचे पाणी पश्चिमेच्या समुद्राकडे काढून दिले. एकाने पाणी नेले, दुसऱ्याने मुख्यतः काढले. पुढची दोनशे वर्षे दोन्ही प्रदेशांतील अभियंत्यांचे काम ढोबळमानाने याच दोन दिशांनी चालले. (विन ते हे नाव त्या अधिकाऱ्याच्या पत्नीच्या नावावरून आहे, आणि न्गुयेन राजांची राजधानी ह्वे येथील राजवाड्यातल्या नऊ कांस्य कलशांपैकी एकावर या कालव्याचे चित्र कोरलेले आहे.)

मोहम्मद अलीला कालवे हवे होते ते कापसासाठी. लांब धाग्याच्या कापसाला उन्हाळ्यात पाणी लागते आणि नाईलचा पूर तर उन्हाळ्याच्या शेवटी येतो. म्हणून कैरोच्या उत्तरेला दोन फाट्यांवर बंधारे आले, 1902 मध्ये अस्वानचे पहिले धरण झाले, आणि पुरावर चालणारी शेती टप्प्याटप्प्याने बारमाही कालव्यांवर गेली. त्या कापसावर मोठ्या जमीनदारांचा वर्ग उभा राहिला. 1927 मध्ये अल्-महल्ला अल्-कुब्रा येथे मिस्र कंपनीची प्रचंड कापडगिरणी सुरू झाली आणि ते गाव पुढे कामगार चळवळीचेही केंद्र बनले. 1952 च्या क्रांतीनंतर जमीन बाळगण्याची मर्यादा 200 फेद्दान ठरली व पुढे ती खाली आणली गेली. एक फेद्दान म्हणजे सुमारे 4,200 चौरस मीटर. आज तिथला सर्वसाधारण शेतकरी अगदी थोड्या जमिनीवर हिवाळ्यात गहू किंवा बरसीमचा चारा आणि उन्हाळ्यात मका, भात वा कापूस घेतो. तरीही देश गहू आयात करणाऱ्यांत जगात अग्रभागी आहे. भाकरीला तिथे ‘ऐश’ म्हणतात आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ जगणे. 1977 मध्ये सरकारने अन्नावरील अनुदान कमी करायचा प्रयत्न केला तेव्हा दंगली उसळल्या आणि निर्णय मागे घ्यावा लागला. त्यानंतर अनुदानित भाकरी कित्येक दशके पाच पियास्त्रांवर (पियास्त्र म्हणजे तिथल्या पौंडाचा शंभरावा भाग) राहिली आणि 2024 मध्ये कुठे ती 20 वर गेली. 1959 च्या कराराप्रमाणे इजिप्तच्या वाट्याला वर्षाला 55.5 अब्ज घनमीटर पाणी येते, आणि लोकसंख्या आता दहा कोटींच्या पुढे आहे. म्हणून भाताखाली किती जमीन ठेवायची हे दरवर्षी सरकार ठरवते, जास्त लावणाऱ्याला दंड होतो, आणि मत्स्यशेतीला ताजे पाणी न देता शेतांतून निचरून आलेलेच पाणी वापरू दिले जाते.

मेकाँगच्या बाजूला मासे मुख्य पाण्यातच वाढतात. ज्याला आपल्याकडे ‘बासा’ म्हणून ओळखतात त्या जातीच्या माशांची तळी तिएन आणि हाउ यांच्या काठाने पसरलेली असून त्यांचा माल जगभर जातो. भाताची कथा अलीकडची आहे. युद्ध आणि त्यानंतरच्या सामूहिक शेतीच्या प्रयोगाने देशाला धान्य आयात करावे लागत होते. 1986 मध्ये ‘दोई मोई’ हे आर्थिक सुधारणांचे धोरण आले, 1988 मध्ये जमीन कसण्याचा निर्णय कुटुंबांकडे दिला गेला, आणि 1989 मध्ये व्हिएतनाम तांदळाचा मोठा निर्यातदार म्हणून उभा राहिला. देशाच्या निम्म्याहून अधिक भात आणि निर्यातीच्या तांदळाचा फार मोठा वाटा हाच प्रदेश देतो. किनाऱ्याजवळ, विशेषतः का माऊकडे, शेतकऱ्यांनी खारे पाणी आत घेऊन कोळंबी धरली. काही ठिकाणी पावसाळ्यात भात आणि कोरड्या ऋतूत कोळंबी असा फेर आहे. सॉक ट्रांगच्या हो क्वांग कुआ यांच्या गटाने वाढवलेल्या ‘एसटी25’ या वाणाला 2019 मध्ये जगातील सर्वोत्तम तांदळाचा मान मिळाला, आणि हा तांदूळ अशा कोळंबी-भाताच्या जमिनीतही चांगला येतो. खारे पाणी इजिप्तच्या शेतकऱ्यासाठी फक्त शत्रू आहे. इथे ते एखाद्याचा शत्रू आणि त्याच्याच शेजाऱ्याचे भांडवल असते, आणि दरवाजा कधी उघडायचा यावरून दोघांची भांडणे होतात.

आता धरणांकडे. अस्वानचे मोठे धरण 1970 मध्ये पूर्ण झाले आणि 1964 नंतर नाईलचा पूर समुद्रापर्यंत कधी गेलाच नाही. धरणाने गाळ अडवला म्हणून जमीन नापीक झाली, असे सरसकट सांगितले जाते, ते मला अर्धवट वाटते. गाळाबरोबर येणारे नत्र मुळातच थोडे होते आणि शेतकरी धरणापूर्वीही रासायनिक खते वापरत होते. खरे नुकसान दुसरे झाले. पूर दरवर्षी जमिनीतले क्षार धुऊन नेत असे. तो थांबल्यावर आणि बारमाही पाण्याने भूजल वर आल्यावर जमिनी खारावू लागल्या, आणि लाखो एकरांत जमिनीखाली निचऱ्याचे सच्छिद्र नळ घालावे लागले. उत्तरेच्या पट्ट्यात पाणी खाणारे भात पूर्ण बंद करता येत नाही, त्याचे कारणही हेच आहे की भाताचे उभे पाणी खाऱ्या भूजलाला खाली दाबून ठेवते. किनाऱ्यावर रशीदचे टोक काही किलोमीटर मागे सरकले. समुद्रातील सार्डिनची पकड 1962 मधील सुमारे 18 हजार टनांवरून काही वर्षांत हजार टनांच्या आत आली. पुढे मासेमारी सावरली, आणि त्याचे श्रेय बरेच अभ्यासक शहरांच्या सांडपाण्याला व शेतांतून वाहून आलेल्या खतांना देतात, जे ऐकायला फारसे सुखद नाही. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की 1980 च्या दशकात इथिओपियात भीषण दुष्काळ पडला असताना इजिप्तला या धरणाने तारले. धरण बांधण्याचा निर्णय चुकीचा होता असे म्हणणारा इजिप्शियन शेतकरी मला भेटलेला नाही. नूबियाच्या ज्या सुमारे एक लाख लोकांची गावे बुडाली त्यांचे उत्तर अर्थातच निराळे असेल.

मेकाँगच्या बाबतीत चीनमधील धरणांची साखळी, लाओसमधील 2019 पासून चालू झालेले सायाबुरी आणि उपनद्यांवरील असंख्य धरणे मिळून गाळ मोठ्या प्रमाणात अडवत आहेत, इथवर नाईलशी तुलना बरोबर आहे. तुलना फसते ती तीन ठिकाणी. एक तर ही धरणे एका देशाच्या हातात नाहीत. अस्वानचा दरवाजा कैरो उघडते. मेकाँगवरचा एकही मोठा दरवाजा व्हिएतनामच्या ताब्यात नाही, आणि 1995 च्या करारातून झालेल्या मेकाँग नदी आयोगाचा चीन सदस्यही नाही. इथिओपियाचे मोठे धरण झाल्यापासून इजिप्तला हीच चिंता पहिल्यांदा इतक्या तीव्रतेने जाणवते आहे. दुसरे असे की मेकाँगच्या मुखाशी भरपूर पाऊस पडतो, त्यामुळे क्षार धुतले जातात आणि पाण्याचा एकूण तुटवडा तिथे इजिप्तसारखा होणार नाही.

तिसरे ठिकाण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मेकाँगचे बरेचसे नुकसान प्रदेशाच्या आतच होते आहे. 2000 च्या महापुरात शेकडो माणसे गेली, त्यांत मुले फार होती. त्यानंतर आन यांग आणि आसपास उंच बांध घालून वर्षाला तीन भातपिके घेण्यास जोर आला. पिके वाढली, पण शेतांत पसरून गाळ टाकणारे व खाली मुरणारे पाणी बाहेरच राहिले आणि ते दुसऱ्यांच्या गावात चढू लागले. नदीपात्रातून बांधकामाची वाळू उपसल्याने तळ खोल गेला, काठ कोसळू लागले आणि खारे पाणी अधिक आत शिरायला वाट मिळाली. शहरांसाठी, कारखान्यांसाठी आणि कोळंबीच्या तळ्यांसाठी भूजल उपसल्यामुळे जमीन खचते आहे, आणि अनेक ठिकाणी तिचा वेग समुद्र वर येण्याच्या वेगापेक्षा जास्त आहे. 2016 आणि 2020 च्या कोरड्या ऋतूंत खारे पाणी 60 किलोमीटरहून अधिक आत गेले तेव्हा दोष सगळा वरच्या धरणांना दिला गेला, जो त्यांचा काही अंशीच होता. 2017 मध्ये व्हिएतनाम सरकारने ठराव क्रमांक 120 काढून भाताचा आग्रह सोडण्याची आणि गोडे, निमखारे, खारे अशा तिन्ही पाण्यांना साधन मानण्याची भूमिका घेतली. भूमिका योग्य आहे, फक्त उंच बांध आणि मोठे दरवाजे बांधणे अजून थांबलेले नाही.

तेव्हा प्रश्नकर्त्याला या प्रदेशाची दिशा पाहायची असेल तर एका आकड्याकडे लक्ष ठेवावे. रोडाचा स्तंभ आता प्रेक्षणीय स्थळ झाला आहे, त्याची भुयारे बंद आहेत आणि विहिरीत नदीचे पाणी येत नाही. मेकाँग जिथे व्हिएतनाममध्ये शिरते त्या तान चाऊची मोजपट्टी मात्र अजून रोज वाचली जाते. तिथे 4.5 मीटर ही धोक्याची सर्वोच्च पातळी मानतात. 2000 मध्ये पाणी 5.06 मीटरपर्यंत चढले होते, आणि 2015 मध्ये ते 3 मीटरही चढले नाही. त्यानंतरच्याच कोरड्या ऋतूत, म्हणजे 2016 च्या सुरुवातीला, खाऱ्या पाण्याने भात करपला. तिथले वयस्क शेतकरी ऑक्टोबरमध्ये पाणी कमी आले म्हणून काळजी करताना दिसतात, आणि त्यांचा हिशेब प्लिनीच्या 12 हातांच्या हिशेबाहून फार वेगळा नाही.